मांजरी कुत्र्याच्या नाकावर फटके मारते: हसावे, की मध्ये पडावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात दोन वर्षांची मांजरी आधीपासून आहे आणि तीन महिन्यांपूर्वी एक कुत्रा आला आहे. तो आता सात महिन्यांचा आहे आणि अंगाने तिच्या कितीतरी पट मोठा आहे. मांजरी खुर्चीवरून त्याच्या नाकावर पंजाचे फटके मारते. ती दारातच ठाण मांडून बसते आणि एवढा थोरला प्राणी पलीकडे उभा राहून कुईकुई करत राहतो. त्याच्या गादीवर ती हातपाय पसरून झोपते आणि तो बिचारा तिच्या टोपलीत कसाबसा मावण्याची खटपट करतो. संध्याकाळी दोघांची घरभर पळापळ चालते. घरातले सगळे पोट धरून हसतात आणि व्हिडिओ काढतात, पण एका परिचिताने ‘एक दिवस रक्त निघेल’ असे म्हटल्यापासून आपल्या मनात पाल चुकचुकली आहे. हा खेळ आहे की भांडण, आणि आपण मध्ये पडावे की नाही, असे आपण विचारले आहे.

मी पशुवैद्यक आहे आणि गेली बरीच वर्षे माझ्याकडे येणारी प्रकरणे मुख्यतः प्राण्यांच्या वागणुकीची असतात. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगते ती ही, की ‘खेळ’ आणि ‘भांडण’ एवढे दोनच पर्याय धरून चालले तर उत्तर हाती लागत नाही. आपण वर्णन केलेल्या प्रसंगांपैकी बहुतेक या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात पडतात. कधी एकजण खेळत असतो आणि दुसरा सहन करत असतो, कधी दोघेही एकमेकांचे म्हणणे चुकीचे समजत असतात आणि कधी जागेवरून शांतपणे वाटाघाट चाललेली असते. म्हणून मी पालकांना वेगळे प्रश्न विचारते. या प्रसंगातून बाहेर पडायचे ठरवले तर दोघांपैकी प्रत्येकाला बाहेर पडता येते का? आणि बाहेर पडल्यावर तो आपणहून पुन्हा दुसऱ्याजवळ येतो का? फटका, उडी, पळापळ या गमतीच्या क्षणातून फारसे कळत नाही. त्यानंतरचे अर्धे मिनिट मात्र जवळजवळ सगळे सांगून जाते. दुर्दैवाने लोक मला जे व्हिडिओ पाठवतात ते नेमके त्याच जागी संपतात, कारण तोपर्यंत चित्रण करणारा हसू लागलेला असतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला आपल्या वर्णनावरून ठरवता येणार नाहीत. पहिली म्हणजे या दोघांचे बालपण. कुत्र्याच्या पिल्लाला साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत भेटलेले प्राणी पुढे ‘आपले’ वाटतात. मांजराच्या पिल्लासाठी हा काळ आणखी आधी येतो आणि लवकर संपतो, साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. या काळात आपल्या मांजरीने एखादा सौम्य कुत्रा पाहिला होता की कुत्र्याच्या भीतीने ती कुठे दडून बसली होती, यावर आजच्या फटक्याचा अर्थ पुष्कळसा ठरतो. दुसरी गोष्ट म्हणजे कुत्र्याचा वंश. मेंढरे राखण्यासाठी, उंदीर-घुशी मारण्यासाठी किंवा सशामागे धावण्यासाठी पिढ्यानपिढ्या निवडलेल्या जातींमध्ये पळणाऱ्या लहान प्राण्याचे आकर्षण उपजतच जास्त असते. तिसरी गोष्ट घराची रचना, तिच्याकडे मी पुढे येते.

एक दिलासा मात्र आकड्यांसह देता येईल. तेल अवीव विद्यापीठातील नेता-ली फॉयरश्टाइन आणि जोसेफ टर्केल यांनी एकाच छपराखाली राहणाऱ्या कुत्र्या-मांजरांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सुमारे दोन-तृतीयांश घरांत दोघांचे संबंध सलोख्याचे आढळले, साधारण चौथ्या हिश्श्यात ते एकमेकांकडे दुर्लक्ष करत होते आणि उघड आक्रमकता सुमारे एक-दशांश घरांपुरतीच होती. मांजर घरात आधी आलेले असेल आणि दोघेही लहान वयात एकत्र आले असतील, म्हणजे मांजर सहा महिन्यांच्या आत आणि कुत्रा वर्षाच्या आत, तर जमण्याची शक्यता अधिक असे त्यांना दिसले. आपल्या घरी मांजरी आधी आली आणि कुत्रा वर्षाच्या आत आला, म्हणजे निम्म्याहून अधिक गोष्टी अनुकूल आहेत. ती दोन वर्षांची होती एवढीच अडचण आहे, पण ती हरण्याजोगी बाजू नव्हे.

आता या गमतीजमती मुळात का घडतात, ते पाहू. कुत्र्याचे पूर्वज कळपाने राहणारे. कळपात भांडण झाले तरी संध्याकाळी पुन्हा एकत्रच झोपायचे असते, त्यामुळे कुत्र्याजवळ माफी मागण्याची, लाळघोटेपणा करण्याची आणि रुसवा काढण्याची साधने भरपूर आहेत. मांजराचा पूर्वज असलेले रानमांजर एकटे शिकार करणारे. त्याला भांडण मिटवण्याची फारशी गरज पडली नाही, भांडण टाळण्याची पडली. म्हणून मांजराची बहुतेक साधने अंतर राखण्याची आहेत: रोखून पाहणे, वाटेत बसणे, फिस्कारणे आणि शेवटी फटका. एकजण सतत ‘जवळ ये’ म्हणतो आणि दुसरी सतत ‘एवढ्यावरच थांब’ म्हणते, त्यामुळे होणारा गोंधळ आपल्याला विनोदी वाटतो.

खेळाच्या बाबतीतही असाच विसंवाद आहे. मांजराची पिल्ले आपसात मनसोक्त कुस्ती खेळतात, पण ही हौस साधारण तीन महिन्यांच्या आसपास ओसरू लागते आणि त्यांचे लक्ष वस्तूंवर झडप घालण्याकडे वळते. मोठ्या मांजराचा खेळ म्हणजे दबा धरणे, झेप घेणे आणि थोड्याच वेळात ‘झाले’ म्हणून अंग चाटत बसणे. कुत्रा मात्र मोठेपणीही दंगामस्ती सोडत नाही, आणि सात महिन्यांचा कुत्रा तर ऐन वयात आलेला असतो. त्याचा खेळ जिथे कुठे रंगात येऊ लागतो तिथे तिचा संपलेला असतो. आपल्या संध्याकाळच्या पळापळीत पहिली काही क्षणांची मौज दोघांची असेल आणि पुढचा भाग एकट्या कुत्र्याचा असेल, ही शक्यता मनात ठेवून ती पाहावी.

फटक्याकडे वळू. पुढच्या वेळी तो हसत-हसत न पाहता बारकाईने पाहा. मांजरीच्या नख्या एरवी आत असतात आणि बाहेर काढायच्या की नाही हे ती ठरवते. खेळकर किंवा ताकीद देणाऱ्या फटक्यात पंजा गोल, मऊ राहतो, टप-टप असा आवाज येतो आणि कुत्रा डोळे मिचकावून डोके जरा मागे घेतो. कित्येकदा तो शिंकतोही, आणि खेळात कुत्र्यांचे असे शिंकणे सर्रास दिसते. फटका मारणाऱ्या मांजरीचे कान पाहा. ते पुढे किंवा थोडे बाजूला असतील आणि अंग जागच्या जागी सैल असेल तर काळजी नाही. ते मागे डोक्याला चिकटलेले असतील, अंग आक्रसून खुर्चीच्या पाठीकडे गेले असेल, बाहुल्या विस्फारलेल्या असतील आणि पंजा परत येताना कुत्र्याच्या नाकाच्या कातडीत किंचित अडकत असेल, तर ती घाबरलेली आहे आणि तिला निसटून जायला दुसरी वाट उरलेली नाही.

पण मी ज्याला महत्त्व देते ते त्यानंतरचे अर्धे मिनिट. फटका खाऊन कुत्रा मागे झाला, इकडेतिकडे पाहिले, जमीन हुंगली आणि दुसऱ्या कामाला लागला, तर तिचे म्हणणे त्याला समजले. मांजरी तिथेच बसून पंजा चाटू लागली, थोड्या वेळाने खाली उतरून शेपूट उभी धरून त्याच्याजवळून गेली, तर तिच्याही मनात काही उरले नाही. उभी शेपूट, टोकाला जरा वळलेली, ही मांजराची मैत्रीची खूण आहे. उलट कुत्रा फटक्यावर फटका खाऊनही पुन्हा-पुन्हा नाक पुढे करत असेल आणि प्रत्येक वेळी त्याची उत्तेजना वाढत असेल, तर तो ‘किती गोड, मार खाऊनही प्रेम करतो’ असा प्रकार नसतो. त्याला थांबणे जमत नाही आणि तिला थांबवणे जमत नाही. अशा वेळी आपण मध्ये पडायचे, तेही ओरडून नव्हे, तर कुत्र्याला हाक मारून, खाऊ देऊन, दुसऱ्या खोलीत नेऊन.

दारातला प्रसंग लोकांना सर्वांत विनोदी वाटतो आणि मला तो सर्वांत जास्त विचार करायला लावतो. एवढासा जीव वाट अडवून बसतो आणि मोठा कुत्रा डोके वळवतो, ओठ चाटतो, जांभई देतो, एक पाय उचलतो, शेवटी मालकाकडे पाहून कुईकुई करतो. कुत्र्याची ही जांभई झोपेची नसते. ही सारी ‘मला भांडण नको’ असे म्हणण्याची त्याची रीत आहे आणि आपला कुत्रा ती वापरत असेल तर तो सभ्य आहे असे मी म्हणेन. प्रश्न मांजरीचा आहे. ती दारात अर्धवट डोळे मिटून, पंजे छातीखाली दुमडून बसली असेल, तर दार तिची आवडती जागा आहे इतकेच, कारण तिथून दोन्ही खोल्या दिसतात. पण ती त्याच्याकडे रोखून पाहत असेल आणि तो हलला की तिची मान त्याच्याबरोबर फिरत असेल, तर तिने वाट ताब्यात घेतली आहे. मांजरांच्या जगात रोखलेली नजर आणि अडवलेली वाट हे आवाज न करता केलेले आक्रमण असते. दोन मांजरांच्या घरात असे महिनोन्‌महिने चालते आणि घरच्यांना पत्ताही नसतो, कारण कोणी ओरडत नाही.

त्यातही ते दार कुठे जाते हे पाहावे लागते. पलीकडे पाण्याचे भांडे असेल, जेवण असेल, शी-शूला बाहेर जाण्याची वाट असेल किंवा तुमची झोपण्याची खोली असेल, तर कुत्र्याला रोज ताटकळत ठेवणे हा विनोद राहत नाही. माझ्या पाहण्यात असे कुत्रे आले आहेत ज्यांना ‘घरात लघवी करतो’ म्हणून आणले गेले आणि खरे कारण बाहेरच्या दाराशी बसलेली मांजर निघाले. उपाय साधा असतो. दारापाशीच, पण बाजूला, मांजरीला बसण्यासाठी उंच जागा द्यावी: एखादी फळी, कपाटाचा माथा, भक्कम स्टूल. तिला टेहळणी करायची असते, ती तिला वरून अधिक चांगली करता येते आणि खालची वाट मोकळी होते. तिला उचलून बाजूला फेकणे किंवा ‘हट्’ करणे याने मात्र दाराचे महत्त्व तिच्या लेखी वाढते.

गादीची अदलाबदल ही या सगळ्यात निरुपद्रवी गोष्ट. मोठी गादी उबदार असते, तिला ओळखीचा वास असतो आणि मांजराला ऊब मिळाली की मालकी हक्काचा विचार ते करत नाही. कुत्र्याला झोपायला दुसरी पुरेशी मोठी जागा असली म्हणजे झाले. ती झोपते त्या गादीवर तोही कडेला येऊन टेकत असेल आणि ती उठून जात नसेल, तर या दोघांबद्दलची सर्वांत चांगली बातमी हीच आहे.

आता कुत्र्याच्या बाजूने पाहू. तो पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचा भाग वर करून तिच्यासमोर वाकतो आणि भुंकतो, असे आपण लिहिले आहे. हे खेळाचे आमंत्रण आहे. अमेरिकी संशोधक मार्क बेकॉफ यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की कुत्रे, लांडगे आणि कोयोटी (लांडग्यासारखाच उत्तर अमेरिकेतला लहान रानटी प्राणी) हे वाकणे केवळ खेळाच्या सुरुवातीलाच वापरतात असे नाही. चावून डोके झटकण्यासारखी, गैरसमज होऊ शकेल अशी कृती करण्याच्या अगदी आधी किंवा लगेच नंतरही ते वाकतात, जणू ‘हे खरे धरू नकोस’ असे सांगण्यासाठी. म्हणजे आपला कुत्रा आपला हेतू सांगण्याइतका शहाणा आहे. मात्र मांजरीच्या डोळ्यांसमोर त्याच वेळी काय उभे राहते, तर एकदम खाली झुकलेले, थेट तिच्यावर डोळे रोखलेले आणि भुंकणारे मोठे तोंड. झेप घेण्यापूर्वी मांजर स्वतःही असेच जमिनीला चिकटून रोखून पाहते. त्यामुळे आमंत्रणाच्या उत्तरात फटका येतो. एकत्र राहता-राहता पुष्कळ मांजरी या वाकण्याचा अर्थ शिकतात, तसेच पुष्कळ कुत्रे मांजरांसारखे नाकाला नाक लावून भेटायला शिकतात. आपल्या घरी अशी नाकभेट दिसली आहे का, ते आपण लिहिलेले नाही. दिसली असेल तर शिकणे सुरू झाले आहे.

शेपटीचा घोटाळा तर सर्वश्रुत आहे: कुत्र्याची हलणारी शेपूट बहुधा उत्साहाची, मांजराची आपटणारी शेपूट त्राग्याची. पण ‘बहुधा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. इटलीत क्वारांता, सिनिस्काल्की आणि वालोर्तिगारा यांनी २००७ मध्ये असे दाखवले की मालक दिसला की कुत्र्याची शेपूट त्याच्या उजवीकडे अधिक झुकते, आणि अनोळखी दांडगट कुत्रा दिसला की डावीकडे. गंमत म्हणजे त्याच प्रयोगात मांजर दिसल्यावरही ती उजवीकडेच झुकली, फक्त जेमतेम हलली. घरी बसून डावे-उजवे मोजत राहू नये, ते उघड्या डोळ्यांना धड दिसतही नाही. मात्र मांजरीकडे पाहताना शेपूट ताठ, उंच आणि टोकालाच थरथरत असेल, तर ‘शेपूट हलते आहे म्हणजे खूश आहे’ असा निष्कर्ष काढू नये.

पोट दाखवण्याचेही तसेच. कुत्रा उताणा होतो तो पुष्कळदा शरणागतीने किंवा लाडाने. मांजर निवांतपणेही उताणे होते, पण कोंडीत सापडलेले मांजर उताणे होते ते चारही पंजे आणि दात मोकळे करण्यासाठी, आणि मग पुढे झालेल्या नाकाची खैर नसते.

राहिली संध्याकाळची पळापळ, आणि आपल्या प्रश्नातील खरी जोखीम इथे आहे. निरोगी पळापळीत भूमिका बदलतात. कधी तो मागे असतो, कधी ती त्याच्या मागे लागते किंवा पडद्याआडून त्याच्या शेपटीवर झडप घालते. मध्ये विराम येतात. मोठा प्राणी मुद्दाम हळू धावतो, आडवा पडतो. मांजरी पाठ कमानीसारखी करून तिरकी-तिरकी उड्या मारत येते, जे पाहून घाबरायला होते, पण तरुण मांजरांत ते बहुधा खेळाचे लक्षण असते. कुत्र्याचे अंग सैल, उसळते, तोंड उघडे, हालचाली अघळपघळ आणि निरुद्देश वाटाव्या अशा असतात. ती उंचावर चढून त्याच्याकडे वळून पाहते आणि थोड्या वेळाने स्वतःच खाली उतरते.

धोक्याची पळापळ वेगळी दिसते, आणि तिची पहिली खूण म्हणजे शांतता. लोकांना भुंकण्याची भीती वाटते, मला न भुंकणाऱ्या कुत्र्याची वाटते. शिकारीचा क्रम टप्प्याटप्प्याने चालतो: लक्ष जाणे, नजर रोखणे, दबकत पुढे सरकणे, पाठलाग, पकड, चावा. या क्रमात शिरलेल्या कुत्र्याचे तोंड मिटते, अंग ताठते, वजन पुढच्या पायांवर येते, डोळे हलत नाहीत आणि नाव घेतले तरी कान फिरत नाही. यात त्याला मांजरीचा राग नसतो. रागाच्या आणि शिकारीच्या वागण्यात फरक आहे, आणि म्हणूनच रात्री तिच्याशेजारी झोपणारा कुत्राही ती अंगणात अचानक पळाली तर असा वागू शकतो. मांजरी अंग जमिनीशी चपटे करून, शेपूट फुलवून, सरळ रेषेत सुसाट पळते आणि पलंगाखाली शिरून बराच वेळ बाहेर येत नाही, तर तिच्या बाजूने तो खेळ नव्हता. कुत्रा तिची मान तोंडात धरत असेल, तर तो कितीही हळुवारपणे करत असला तरी तिथेच थांबवावे. एवढ्या मोठ्या जबड्यात एवढ्याशा मानेला चुकून काय होईल याचा अंदाज त्यालाही नसतो.

एक साधी चाचणी घरच्या घरी करता येते. पळापळ रंगात असताना कुत्र्याला नेहमीच्या आवाजात हाक मारा. तो वळून पाहत असेल, दोन पावले तरी आपल्याकडे येत असेल, तर तो अजून खेळात आहे. तो आला की त्याला धरून ठेवा आणि मांजरीकडे पाहा. ती निघून गेली तर तिला पुरे झाले होते. ती परत येऊन त्याच्यासमोर घुटमळली तर तिलाच आणखी हवे आहे आणि आपण निर्धास्तपणे हसावे.

आतापर्यंतचे एकत्र करून सांगायचे तर, नख्या आत ठेवून मारलेला फटका, गादीची अदलाबदल आणि भूमिका बदलणारी पळापळ यांत मध्ये पडू नये. दारातली अडवणूक जागेची सोय करून सोडवावी. न थांबणारे नाक, मूक पाठलाग आणि मानेची पकड मात्र लगेच थांबवावी.

आपल्या घरासाठी मी काय करेन ते सांगते. प्रत्येक खोलीत मांजरीला जमिनीला पाय न लावता पोहोचता येईल अशी किमान एक उंच जागा असावी आणि तिथून उतरायला दोन वाटा असाव्यात. एकच वाट असली की कुत्रा तिच्या पायथ्याशी बसतो आणि सुरक्षित जागेचा तुरुंग होतो. एका खोलीच्या दारात तिला निघता येईल पण त्याला नाही असे आडवे फाटक किंवा फट ठेवावी. तिचे खाणे आणि मातीचा डबा तिथेच असावा. यामागे दुहेरी कारण आहे. मांजराच्या खाण्यात प्रथिने आणि चरबी जास्त असल्याने कुत्र्यांना ते पक्वान्न वाटते, पण नेहमी चापले तर वजन वाढते आणि काहींच्या स्वादुपिंडाला ते सोसत नाही. उलट मांजरीला कुत्र्याच्या खाण्यावर ठेवणे चालत नाही, कारण टॉरिन नावाचे द्रव्य तिला आहारातूनच मिळावे लागते आणि त्याच्या कमतरतेने तिचे डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. डब्यातली तिची विष्ठा कुत्रे खातात हेही ऐकून आपल्याला धक्का बसू नये, ते अगदी सर्रास घडते. तिला मात्र शी करताना मागे कोणी नाक लावून उभे असणे अजिबात खपत नाही.

संध्याकाळच्या वेळेआधी दोघांना वेगवेगळे खेळवावे. कुत्र्याला बाहेर नेऊन पळवून, हुंगू देऊन दमवावे. मांजरीला दोरीला बांधलेल्या पिसाच्या खेळण्याने दबा आणि झेप यांचा तिच्या पद्धतीचा खेळ द्यावा आणि शेवटी ते तिच्या पंजात येऊ द्यावे. मग एकत्र आल्यावर कुत्र्याच्या पट्ट्याला हलकी लांब दोरी काही दिवस लावून ठेवावी, म्हणजे न ओरडता, न ओढाताण करता त्याला थांबवता येते. मांजरीकडे पाहून तो आपल्याकडे वळला की प्रत्येक वेळी खाऊ द्यावा. सात महिन्यांच्या कुत्र्याला हे लवकर उमगते. फिस्कारणे किंवा गुरगुरणे यासाठी कोणालाही शिक्षा करू नये. ती सूचना आहे, आणि सूचना देण्याची सोय काढून घेतली की प्राणी थेट नखाने किंवा दाताने बोलतो. तुमच्यापैकी कोणी घरी नसेल तेव्हा, निदान कुत्रा दीड-दोन वर्षांचा होऊन सावरेपर्यंत, दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवावे.

व्हिडिओबद्दल एकच आग्रह. घडले ते टिपावे, घडवून आणू नये. मांजरीला कुत्र्याच्या पाठीवर बसवणे, झोपलेल्या कुत्र्याच्या तोंडाशी तिला नेणे, खात असलेल्या मांजरीमागे काहीतरी ठेवून ती दचकते ते पाहणे, हे प्रकार लोकप्रिय आहेत आणि मला त्यांची चीड येते. त्यातून प्राणी शिकतो ते इतकेच, की दुसरा प्राणी जवळ असला की काहीतरी वाईट घडते.

मांजरी खाणे कमी करू लागली, डब्याबाहेर लघवी करू लागली, अंगाचा एखादा भाग चाटून-चाटून टक्कल पाडू लागली किंवा दिवसभर लपू लागली, तर ताण हसण्याच्या पलीकडे गेला आहे असे समजावे. ताणामुळे मांजरांच्या मूत्राशयाला खरोखर दाह होतो. ती डब्यात वारंवार जाऊन थेंबथेंब करत असेल तर पशुवैद्यकाकडे लगेच न्यावे. एरवी सौम्य असलेल्या प्राण्याने अचानक जोरात फटका मारायला किंवा गुरगुरायला सुरुवात केली, तर स्वभाव बिघडला असे म्हणण्याआधी दात, कान आणि सांधे तपासून घ्यावेत. दुखणे हे फार मोठे कारण असते.

दोघे एकमेकांना चिकटून झोपू लागले तर एका गोष्टीची आठवण ठेवावी. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या गोचिडांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन नावाचे कीटकनाशक असते. कुत्र्यांना ते चालते, पण मांजरांचे यकृत ते नीट हाताळू शकत नाही आणि थरथर, झटके, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. कुत्र्याच्या ओल्या मानेला अंग घासणे किंवा त्याला चाटणे एवढेही पुरते. म्हणून घरात मांजर आहे हे औषध घेताना सांगावे आणि मांजरांनाही सुरक्षित असलेलेच औषध मागावे.

शेवटी नख्यांविषयी. मांजरीच्या नख्यांची टोके नियमित कापावीत. नख्या मुळासकट काढून टाकण्याची शस्त्रक्रिया कधीही करू नये, तीत बोटाचे शेवटचे हाडच कापले जाते. कुत्र्याच्या नाकावरचा ओरखडा पाण्याने धुतला तर बहुधा पुरते, पण फटक्यानंतर तो एक डोळा मिटून ठेवत असेल, त्यातून पाणी येत असेल किंवा पंजाने चोळत असेल, तर बुबुळावर चरा पडला असण्याची शक्यता आहे. त्याच दिवशी दाखवावे, तोपर्यंत त्याला डोळा चोळू देऊ नये आणि घरात पडून असलेले कोणतेही थेंब घालू नयेत. त्यात स्टिरॉइड असले तर साधा चरा चिघळून डोळा गमावण्यापर्यंत वेळ येऊ शकते.